घरकोंबडी कार्डं

ही हकिकत एकोणीसशे अडुसष्ट सालची. त्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जो वारा सुटला तो पाच आठवडे हटला नाही. होड्या पालथ्या करून किनाऱ्यावर बांधलेल्या, जाळी गोदामात, आणि त्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर समुद्रपाहणीची कचेरी. कचेरी म्हणजे तीन खोल्या. पहिलीत हेडक्लार्क, दुसरीत साहेब आणि तिसरीत नकाशाचं मोठं टेबल नि ती.

तिला सगळे पेन्सिलबाई म्हणायचे. अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली, कधीकधी दोन. घरी आली तरी काढायची विसरायची. मग वहिनी म्हणायची, "वन्सं, डोक्यातून कचेरी काढा आता, नि जेवायला बसा." वय अडतीस. लग्न राहून गेलेलं. बाजारातून यादीतली एखादी वस्तू आणायची राहून जावी तसं सगळे ते म्हणायचे, 'राहून गेलं'. दादाच्या घराला मागच्या अंगाने जोडलेली एक खोली तिची. तिला बाहेरून वेगळं दार. वेगळं दार ही मोठी सोय असते, पण आपण कधी आलो, कधी गेलो, हे मग कुणाला कळत नाही आणि कुणी विचारतही नाही.

तिचं काम तरत्या कार्डांचं. पोस्टकार्डाएवढं पिवळं कार्ड, त्यावर प्लास्टिकचं जाड वेष्टण, कोपऱ्यात नंबर, आणि खाली छापलेलं असायचं, की ज्यांना हे सापडेल त्यांनी जागा नि तारीख लिहून टपालपेटीत टाकावं, तिकीट लावू नये. दर सोमवारी कचेरीची लाँच अशी पन्नास कार्डं घेऊन आठ मैलांवरच्या पिवळ्या बोयापाशी, म्हणजे खुणेसाठी नांगरून ठेवलेल्या तरत्या पिंपापाशी, जायची आणि तिथे ती पाण्यात सोडायची. पुढे त्यांचं नशीब. दहा-पंधरा परत आली तरी बरकत. आलेल्या कार्डाची जागा ती नकाशावर टिंबाने दाखवायची, बोयापासून टिंबापर्यंत बाण काढायची, आणि बाणांवरून पाण्याची चाल ठरायची. पावसाळ्यात त्या किनाऱ्याला पाणी उत्तरेकडून दक्षिणेकडे धावतं, असं पुस्तकात होतं. बाणही तेच सांगत.

लोक कार्डावर जागा-तारखेखेरीज काय काय लिहायचे! 'अर्धं गाईने खाल्लं, उरलेलं पाठवत आहे.' 'बक्षीस काय ते आधी कळवा.' 'आमच्या किनाऱ्यावर कचरा कमी पडतो म्हणून पाठवता का?' एका शाळामास्तरांनी छापील मजकूरच लाल शाईने दुरुस्त करून, दहापैकी सहा गुण देऊन परत पाठवला होता. दिवसभरात तिच्याशी एवढं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. ती वाचता वाचता एकटीच हसायची, की पलीकडून हेडक्लार्क विचारायचे, "काय पेन्सिलबाई, प्रेमपत्र वाटतं?"

"हो. गाईचं आहे," ती म्हणायची.

हेडक्लार्कना फूटपट्टी म्हणत. रजिस्टरातली एकही रेघ त्यांनी हाताने ओढली नाही. बोलता बोलता टेबलावर पट्टी आपटायची सवय. माणूस वाईट नव्हता, पण नियम म्हणजे नियम. आणि कचेरीचा एक नियम असा होता, की बंदरापासून पाच मैलांच्या आत सापडलेलं कार्ड नकाशावर घ्यायचं नाही. त्याला कारण होतं. फार पूर्वी एकदा धक्क्यावर खोका फुटून शंभरेक कार्डं बंदरातच सांडली, आणि पुढे वर्षभर ती आसपास सापडत राहिली. सगळा हिशेब नासला. तेव्हापासून जवळ सापडलेलं कार्ड म्हणजे नीट न टाकलेलं कार्ड, असं ठरून गेलं. फूटपट्टींनी त्या कार्डांचं नाव ठेवलं 'घरकोंबडे'. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यावर कागद चिकटवून सुवाच्य अक्षरात तसं लिहिलंसुद्धा. टपालात असं कार्ड निघालं की ते डब्याचं झाकण उघडून म्हणायचे, "ये बाबा, तुला आईला सोडवत नाही!" सगळे हसायचे. तीही हसायची. एकदा चेष्टेत जमा झालेल्या गोष्टीकडे मग कुणी नीट बघत नाही.

लाँचवाला चाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, एकटा माणूस. बायको लग्नानंतर दोन वर्षांतच आजाराने गेलेली. धक्क्याच्या टोकाला त्याची खोली. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच, "हूं." म्हणून त्याचं नाव हूंराव. सोमवारी सकाळी तो जिना चढून यायचा, ती कार्डांचा गठ्ठा पुढे करायची, तो मोजायचा नाही, काखेत धरायचा. "पन्नास आहेत," ती म्हणायची. "हूं," तो म्हणायचा. संध्याकाळी ओल्या अंगाने येऊन वहीत सही करून जायचा. बारा वर्षांत त्या दोघांचं एवढंच बोलणं. पण सोमवारी ती अंबाडा जरा नीट बांधायची, हे वहिनीच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं.

जुलैच्या मध्याला साहेबांनी तिच्याकडून गेल्या पाच सोमवारांचा तक्ता मागवला. साहेब नवे, तरुण, कामसू. त्यांना बोट लागायची, म्हणून लाँचवर ते एकदाच गेले होते आणि त्या फेरीबद्दल बोलत नसत. तिने तक्ता टंकलिखित करून दिला. सोडलेली कार्डं अडीचशे. लांबून परत आलेली तीस. घरकोंबडे एकाहत्तर. एकाहत्तर हा आकडा टाइप करताना ती क्षणभर थांबली होती. पण आपण बरं नि आपलं काम बरं, म्हणून कागद तसाच आत दिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी लाँचवाल्याला बोलावलं. दार उघडंच होतं.

"तुम्ही बोयापर्यंत जाता की नाही?"

"जातो."

"मग ही एकाहत्तर कार्डं बंदराच्या दारात कशी सापडली?"

"आली असतील."

"आली असतील! आठ मैल पोहत आली? पाणी दक्षिणेला जातं की नाही?"

"जातं."

"मग?"

"हूं."

साहेबांचा पारा चढला. लाँचवर खाली इंजिनपाशी एक मिस्त्री असायचा, त्यालाही वर बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, मी खाली तेलात. तिथून मला माझे पाय दिसत नाहीत, बोया कुठला दिसतोय?" फूटपट्टी खाली मान घालून हसले, आणि साहेबांनी टेबलावर हात आपटला. एवढ्या खराब समुद्रात हा माणूस बोयापर्यंत जातच नाही, बंदराच्या तोंडाशी कार्डं फेकून आडोशाला झोपून राहतो आणि संध्याकाळी सही करतो, असा त्यांचा निष्कर्ष. महिनाअखेर कामावरून कमी, आणि सेवापुस्तकात शेरा, 'कामात अप्रामाणिक'.

नोकरी गेली तर गेली, बोटी चालवणाऱ्याला कुठे ना कुठे काम मिळतं. पण तो शेरा! त्या काळी सेवापुस्तक माणसाच्या आधी पोचायचं. असा शेरा असलेल्याला कुणी सुकाणूला हात लावू देत नसे.

लाँचवाला जिना उतरून गेला. जाताना तिच्या दाराशी थांबला नाही. ती मात्र टाइप केलेल्या तक्त्याची कार्बन प्रत समोर धरून बसली. त्या माणसावरचा आरोप तिच्याच हातून टाइप झाला होता.

त्या रविवारी दुपारी तिने डबा घरी आणला होता. लांबच्या तीस कार्डांचा गठ्ठाही आणला. खोलीतली खुर्ची उलटी करून पलंगावर ठेवली आणि सगळी फरशी मोकळी केली. डोक्यात एकच गोष्ट होती. बंदराच्या तोंडाशी फेकलेलं कार्ड त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी वाळूवर लागायला हवं. म्हणून ती तारखा बघायला लागली. घरकोंबड्यांतलं एकही कार्ड पहिल्या सहा दिवसांत सापडलेलं नव्हतं. सगळी आठव्या, नवव्या, दहाव्या दिवसाची.

मग तिने दोन्ही गठ्ठे एकत्र केले आणि दिवसांप्रमाणे मांडले. पाचव्या दिवशीची कार्डं चौदा मैल दक्षिणेला. सहाव्या दिवशीची अकरा मैलांवर. सातव्या दिवशीची आठ. आठव्या दिवशीची चार. दहाव्या दिवशीची एक मैल, अगदी दीपगृहाच्या पायाशी. जितका उशीर, तितकं घर जवळ! ती गुडघ्यांवर बसली होती ती तशीच मागे टेकली. पाणी बोयापासून दक्षिणेला जात होतं, मग किनाऱ्याकडे वळत होतं आणि किनाऱ्याच्या कडेकडेने उत्तरेला परत येत होतं. उत्तरेला डोंगराचं जे नाक समुद्रात घुसलं होतं, त्याच्या आडोशाला मैलोनमैल रुंदीचा एक भोवरा फिरत होता. होडी गिळणारा, गोष्टीतला भोवरा नव्हे. हा इतका मोठा नि इतका सावकाश, की त्यात असलेल्याला आपण फिरतोय हे कळूही नये. बारा वर्षं त्याची अर्धी गोष्ट कचेरीच्या भिंतीवर होती नि अर्धी बिस्किटाच्या डब्यात. काखेत कळसा नि गावाला वळसा.

वहिनी चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. "अगंबाई! पत्ते मांडलेत? डाव कुणाशी?"

"एकटीशीच."

"मग जिंकाल हो नक्की," वहिनी म्हणाली, आणि चहा खिडकीत ठेवून कार्डं ओलांडत, पाय जपत परत गेली.

सोमवारी सकाळी तिने साहेबांच्या टेबलावर सगळं मांडलं. साहेबांनी ऐकून घेतलं, हे त्यांचं चांगलं. मग म्हणाले, "बाई, एवढा मोठा भोवरा असता तर आजवर पुस्तकात आला नसता का? आणि तारखांचं काय सांगता? लोक कार्ड खिशात घालून चार-चार दिवस हिंडतात नि मनाला येईल ती तारीख टाकतात. तुमच्या गाईने तारीख बघून खाल्लं होतं का?"

"आजची कार्डं मी टाकते," ती म्हणाली.

"तुम्ही?"

"मी. स्वतः बोयापाशी जाऊन. प्रत्येकावर लाल रेघ मारते. दहा दिवसांत ती परत आली, तर खोटं कोण ते कळेल."

फूटपट्टी दारातून म्हणाले, "पेन्सिलबाई, हात दाखवून अवलक्षण कशाला? समुद्र बघा केवढा खवळलाय." पण साहेब तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे. परत आली, तर मी शेरा लिहीत नाही. पण नाही आली, तर मग मला अडवायचं नाही."

घरी रेनकोट घ्यायला गेली तर वहिनी कमरेवर हात ठेवून उभी. "या असल्या समुद्रात? त्या मुक्या माणसाबरोबर? लोक काय म्हणतील?"

"वहिनी, लोक माझ्याबद्दल काही म्हणाल्याला पंधरा वर्षं झाली," ती म्हणाली. वहिनीने मग स्वतःचा जाड स्वेटर काढून तिच्या हातात दिला.

बंदराचं तोंड ओलांडलं नि लाँच अशी उधळली, की तिने केबिनच्या दांडीला दोन्ही हातांनी मिठी मारली. पोटातलं सगळं दोनदा बाहेर आलं. लाँचवाल्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, पण दुसऱ्या खेपेनंतर स्वच्छ फडकं न बघताच मागे तिच्याकडे धरलं. चार मैलांवर तो अचानक बोलायला लागला. तिला आधी वाटलं इंजिनचाच आवाज आहे.

"ती फेसाची रेघ दिसते का, बाई?"

पाण्यावर दूरवर फेसाची, गवताच्या काड्यांची, लाकडाच्या तुकड्यांची एक वेडीवाकडी रेघ गेली होती. अलीकडे पाणी गढूळ हिरवं, पलीकडे काळपट.

"ही कड. आपण आता आत आलो. हात घालून बघा."

तिने वाकून पाण्यात हात घातला. पाणी गार होतं, बंदरातल्यापेक्षा कितीतरी गार.

"वारा वरचं पाणी ओढून नेतो, मग खालचं गार वर येतं. ते या नाकाच्या मागे अडकून फिरत बसतं. मी याला वळतं पाणी म्हणतो. येताना मी बोयाच्या बाहेरून येत नाही, आतून येतो. पाणीच घरी आणतं. डिझेल अर्धं लागतं."

"तुम्हाला माहीत होतं?" ती जवळजवळ ओरडली. "मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. बारा वर्षांपूर्वी, पहिल्याच पावसाळ्यात. तेव्हाचे साहेब म्हणाले, तू बोट चालव, समुद्र आम्ही चालवतो. सगळी कचेरी हसली. तेव्हापासून म्हटलं, हूं."

तिला ते साहेब आठवले, तो दिवसही आठवला. ती तेव्हा नवी होती. आणि आपणही हसलो होतो, हेही तिला आठवलं. त्याला ते लक्षात होतं की नाही, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही.

बोयापाशी त्याने इंजिन मंद केलं. तिने पन्नास कार्डं एकेक करून सोडली. पिवळी कार्डं लाटेच्या पाठीवर चढत, उतरत लांब जात राहिली. तो म्हणाला, "बारा वर्षं मी यांना पोचवतोय. ही कुठे जातात ते तुम्हाला कळतं. मला कुणी सांगत नाही." मग परतताना तिने त्याला सांगितलं. गाईचं सांगितलं, मास्तरांचे सहा गुण सांगितले. तो हसला. मोठ्याने, मान मागे टाकून. त्या दोन तासांइतकं ती आयुष्यात कुणाशी बोलली नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी वारा पडला.

पाच आठवडे खडखडणाऱ्या खिडक्या गप्प झाल्या. सगळ्या गावाला हायसं वाटलं. वहिनीने घरातले सगळे कपडे धुऊन दोरीवर घातले. ढगांतून ऊन आलं. तिलाही बरं वाटलं. समुद्र शांत झाला, आता कार्डं सुखरूप येतील, असं तिला वाटलं. बारा वर्षं समुद्राच्या कचेरीत काढून तिला असं वाटलं!

गुरुवारी ती मुद्दाम धक्क्याच्या टोकाकडून गेली. लाँचवाला दोर गुंडाळत बसला होता.

"वारा पडला, बाई," तो म्हणाला.

"बरं झालं ना!"

त्याने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हूं," म्हणाला आणि पुन्हा दोराकडे वळला.

पाचव्या दिवसापासून ती रोज सकाळी कचेरीच्या आधी किनाऱ्यावर जायला लागली. दीपगृहापासून दक्षिणेला दोन मैल जायचं नि यायचं. आठव्या दिवशी वाळूवर एक पिवळं काहीतरी दिसलं, ती धावली. साबणाचं वेष्टण होतं. नववा दिवस गेला. टपालातही काही नाही. दहाव्या दिवशी फूटपट्टींनी टपाल फोडलं आणि पट्टी न आपटता खाली ठेवली. "पेन्सिलबाई," ते हळूच म्हणाले, "नाही हो."

पन्नासातलं एकही नाही. लाँचवाल्याने टाकली की घरकोंबडी होतात, आणि बाईंनी खरोखर बोयापाशी नेऊन टाकली की एकही परत येत नाही. आता तर पुरावाच झाला. तोवर नुसता संशय होता. तिने मदत करायला जाऊन त्याच्यावर शिक्का मारून दिला होता. साहेब तिला लागेल असं काही बोलले नाहीत. "तुम्ही प्रामाणिकपणे केलंत," एवढंच म्हणाले, आणि पेनाचं टोपण काढलं.

लाँचवाला महिनाअखेरीस सही करायला आला. ती उठून उभी राहिली. "माझ्यामुळे झालं," ती म्हणाली.

"तुमच्यामुळे नाही, बाई. पाण्यामुळे." त्याने वहीत सही केली, पेन पुसून जागेवर ठेवलं आणि जिना उतरला. त्याच आठवड्यात तो गाव सोडून गेला. कुठे ते मिस्त्रीलाही ठाऊक नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी लाल रेघेची कार्डं यायला लागली. दीडशे मैल दक्षिणेवरून, दोनशे मैलांवरून. पन्नासांतली एकतीस आली. इतकी आजवर कधीच आली नव्हती, आणि बहुतेक सगळी एकाच बाजूची, जणू कुणी ओंजळीत धरून तिकडे नेऊन ठेवली. ती त्या गठ्ठ्याकडे बघत बसली आणि तेव्हा तिला गुरुवारची ती नजर कळली. वारा होता तोवर भोवरा नाकाच्या आडोशाला धरून होता. वारा पडला, त्याची पकड सुटली, आणि तो आतल्या सगळ्यासकट दक्षिणेला निघून गेला. चुकली होती ती फक्त वेळ. पाच आठवड्यांतला कुठलाही दुसरा सोमवार चालला असता.

तिने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "बाई, कार्डं आली की भोवरा, नाही आली की भोवरा गेला. असा पुरावा मलाही देता येईल." आणि खरंच, एका पावसाळ्याने काही सिद्ध होत नाही.

म्हणून तिने सहा पावसाळे घेतले. नियम मोडला नाही. कचेरीच्या नकाशावर पाच मैलांच्या आतलं कार्ड तिने कधी घेतलं नाही. पण दर रविवारी आपल्या खोलीतल्या दुसऱ्या नकाशावर तिने सगळी कार्डं घेतली, आणि शेजारी रोजच्या वाऱ्याचा आकडा. वारा आठ दिवस सलग जोराचा असला की भोवरा धरतो. तीन दिवस पडला की सुटतो. सहा वर्षांत हे चुकलं नाही. दादा म्हणायचा, "अगं, त्या माणसाचा पत्ता नाही, कुणासाठी करतेस?" ती म्हणायची, "पाणी तर आहे ना तिथेच."

सातव्या वर्षी आलेले नवे साहेब तिच्या खोलीत येऊन, फरशीवर मांडी घालून तो नकाशा बघत बसले. दुसऱ्या वर्षीच्या छापील नकाशात डोंगराच्या नाकामागे बाणांचं एक वर्तुळ आलं. नकाशाखाली तिचं नाव घालू का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "नाव नको. एक शेरा खोडून द्या."

साहेब म्हणाले, "तो माणूस नोकरीत नाही, कुठे आहे माहीत नाही, बंद झालेलं सेवापुस्तक. कोण बघणार ते?" पण फूटपट्टींनी जुन्या दप्तरातून पुस्तक शोधून आणलं, स्वतः पट्टी धरली, आणि साहेबांनी लाल शाईने रेघ मारून खाली सही केली.

त्याचा ठावठिकाणा फूटपट्टींनीच काढला. दोनशे मैल आत, डोंगरांतल्या एका धरणाच्या तळ्यावर तो माणसं पलीकडे नेणारी होडी वल्हवत होता. सेवापुस्तक न मागणारी नोकरी तेवढीच मिळाली होती. ती बसने गेली. तळं काचेसारखं होतं. त्याने तिला लगेच ओळखलं, आणि होडीतली ओली फळी बाहीने पुसून तिला जागा करून दिली.

"शेरा खोडला," ती म्हणाली. छापील नकाशा उलगडून गुडघ्यावर धरला. त्याने बोट ठेवून त्या वर्तुळावरून सावकाश फिरवलं, उजवीकडून डावीकडे, पाणी जातं त्याच दिशेने.

"कड इथे जरा बाहेर हवी," तो म्हणाला. "अर्धा मैल."

"पुढच्या छपाईत करू."

तिने नकाशाची घडी घातली. मग तिने विचारलं, इतकी वर्षं मनात धरलेलं. "त्या गुरुवारी तुम्हाला माहीत होतं, आता कार्डं येणार नाहीत. सांगितलं का नाही?"

"तुम्ही केवढ्या खूश होतात," तो म्हणाला. "म्हटलं, पाच-सहा दिवस तरी राहू दे."

पलीकडच्या काठावर दोन बायका टोपल्या घेऊन होडीसाठी हाका मारत होत्या. त्याने वल्ही उचलली. तिची बस तीनची होती. राहा असं तो म्हणाला नाही, आणि राहू का असं तिला विचारता आलं नाही.

पुढे पहिले साहेब मोठ्या हुद्द्यावर चढले. छापील नकाशा बघून त्यांनी तिला चार ओळींचं पत्र पाठवलं, त्यात 'माझी चूक झाली' हे शब्द स्पष्ट होते. असं लिहिणारे फार नसतात. फूटपट्टी निवृत्तीनंतर वर्षभरातच गेले, घरात एकही वाकडी रेघ न ठेवता. मिस्त्रीने स्वतःचं इंजिनदुरुस्तीचं दुकान काढलं, ते अजून चालतं. दादा गेल्यावर वहिनी आणि ती एकाच स्वयंपाकघरात जेवायला लागल्या. वहिनीला शेवटी ऐकू येईनासं झालं, तरी बोलणं थांबलं नाही. वहिनी गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. ती स्वतः अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली आणि त्यानंतर खूप जगली. त्या वर्तुळाची कड तिसऱ्या छपाईत अर्धा मैल बाहेर सरकली होती.

लाँचवाला त्या तळ्यावरच वारला, तिच्या भेटीनंतर नवव्या वर्षी, हिवाळ्यात. धरणावरच्या कारकुनाने तिला कळवलं ते महिन्याभराने, कारण त्याच्या खोलीत कागदावर लिहिलेला दुसरा कुणाचा पत्ताच मिळाला नव्हता. ती सांत्वनाचं पत्र लिहायला बसली. दोन ओळी लिहिल्यावर तिच्या लक्षात आलं, की ते पाठवायला कुणी नाही.